अज्ञात वाटेची शर्यत : डाकर रॅलीच्या अभ्यासाची प्रस्तावना

मोटारींच्या बहुतेक शर्यतींत मार्ग स्पर्धकांना आधीपासून ठाऊक असतो. बंदिस्त धावपट्टीवर तीच वळणे शेकडो वेळा घेतली जातात, आणि डोंगरी रस्त्यांवरील पारंपरिक रॅलीतही शर्यतीपूर्वी त्या रस्त्यावरून सावकाश जाऊन टिपणे काढण्याची मुभा असते. त्यामुळे परिचित वाटेवरून कोण अधिक वेगाने जातो, एवढाच प्रश्न उरतो. वाळवंटातील दीर्घ पल्ल्याच्या ज्या शर्यती ‘रॅली-रेड’ या नावाने ओळखल्या जातात, त्यांनी हा पायाच बदलला. त्यांत रोज काही शे किलोमीटर अंतर तोडायचे असते, बराचसा प्रवास रस्ता नसलेल्या भूभागातून होतो आणि आजची वाट कोठून जाणार हे स्पर्धकाला निघण्याच्या वेळेपर्यंत सांगितले जात नाही. १९७८ च्या अखेरीस पॅरिसहून प्रथम सुटलेली आणि आज ‘डाकर’ एवढ्याच नावाने जगभर परिचित असलेली रॅली ही या प्रकाराची सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत वादग्रस्त प्रतिनिधी आहे.

डाकरवरील लेखनात शौर्यकथा आणि यंत्रवर्णने यांचा भरणा मोठा असतो. त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु या रॅलीचे स्वरूप उमजण्यासाठी एक भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो. स्पर्धकासाठी वाळवंट अनोळखी आणि निर्मनुष्य असणे ही या खेळाची अट आहे, आणि ती पुरी व्हावी म्हणून आयोजकांना नियमांची मोठी यंत्रणा उभी करावी लागते. ज्यांच्या मुलखातून शर्यत जाते, त्यांच्यासाठी मात्र तोच भूभाग गुरांच्या चराईचा, विहिरींचा, बाजाराच्या वाटांचा आणि पूर्वजांच्या खुणांचा असतो. रॅलीचे कौशल्य पहिल्या गोष्टीतून जन्मले आणि तिच्यावरचे बहुतेक आक्षेप दुसरीच्या विस्मरणातून आले, हे पुढील विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

वाळवंटी शर्यतीची कल्पना एकाच ठिकाणी उगवली असे नाही. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या चिंचोळ्या द्वीपकल्पात १९६२ मध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन यांनी होंडाच्या मोटारसायकलींवरून तिहुआना ते ला पाझ हे अंतर सुमारे ४० तासांत पार केले आणि निघाल्या-पोचल्याची वेळ सिद्ध व्हावी म्हणून दोन्ही टोकांच्या तारघरांतून तारा केल्या. या विक्रमाच्या चढाओढीतून १९६७ मध्ये तेथे पहिली रीतसर शर्यत भरली आणि तिचीच परंपरा पुढे ‘बाहा १०००’ या नावाने चालू राहिली. मात्र बाहाच्या परंपरेत स्पर्धकांना मार्ग आधी पाहून घेता येतो, किंबहुना आठवडे आधी जाऊन त्यावर सराव करणे हा तेथील तयारीचा मान्य भाग आहे. शिवाय मुख्य अंतर साधारणपणे एका दमात तोडायचे असते. डाकरची परंपरा याहून निराळी असून तिची मुळे सहारात आणि फ्रान्सच्या आफ्रिकेशी असलेल्या वसाहतकालीन नात्यात आहेत.

१९२२ च्या डिसेंबरात सित्रोएन कंपनीच्या मागील बाजूस पट्टे बसवलेल्या मोटारी अल्जीरियातील तुगूर्तहून निघाल्या आणि जानेवारी १९२३ मध्ये टिंबक्टूला पोचल्या; मोटारीने सहारा ओलांडण्याची ती पहिली मोहीम. तिचा हेतू व्यापारी जाहिरातीचा होता तसाच साम्राज्याच्या दोन भागांना जोडणाऱ्या मार्गाचा शोध घेण्याचाही होता. पुढे अर्ध्या शतकाने सहारात मोटार-शर्यती भरू लागल्या, तेव्हा वसाहती स्वतंत्र झालेल्या असल्या तरी भाषा, नकाशे, विमानतळ आणि प्रशासकीय ओळखीपाळखी यांचा फ्रेंच सांगाडा शिल्लक होता. पहिल्या पॅरिस-डाकर रॅलीचा आफ्रिकेतील मार्ग अल्जीरिया, नायजर, माली, अप्पर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो) आणि सेनेगल या देशांतून गेला. हे पाचही देश पूर्वी फ्रान्सच्या अमलाखाली होते, यात योगायोगाचा भाग फारसा नाही.

या रॅलीचा जनक तिएरी साबीन हा फ्रेंच मोटारसायकलपटू १९७७ मध्ये आबिजान ते नीस या शर्यतीत भाग घेत असता लिबिया-नायजर सरहद्दीकडील वाळवंटात वाट चुकला आणि मरणाच्या दारातून परतला. त्या अनुभवातून धडा घेऊन सहाराकडे पाठ फिरवण्याऐवजी त्याने सामान्य हौशी माणसालाही भाग घेता येईल अशी सहारापार रॅली आखली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकातून १८२ वाहने निघाली आणि सुमारे १०,००० किलोमीटरनंतर त्यांतील ७४ डाकरला पोचली. मोटारसायकली आणि मोटारी यांची क्रमवारी त्या वर्षी एकत्रच होती व तीत सिरिल नव्हू हा तरुण यामाहा एक्सटी ५०० या साध्या, एका सिलिंडरच्या गाडीवर पहिला आला. याच पहिल्या रॅलीत पात्रिस दोदँ या मोटारसायकलपटूचा मृत्यूही झाला. पुढील सर्व इतिहासाची दोन्ही अंगे अशा रीतीने आरंभापासूनच दिसू लागली होती.

सुरुवातीच्या वर्षांतील अज्ञान खरेखुरे होते. होकायंत्र, अपुरे नकाशे आणि आधी गेलेल्या गाडीच्या चाकोऱ्या एवढ्यावर भिस्त असे, आणि चाकोरीवर विसंबणाराची चाकोरी काढणाराबरोबरच दिशाभूल होत असे. १९८२ मध्ये ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा पुत्र मार्क थॅचर सहारात सहा दिवस बेपत्ता झाला व अल्जीरियाच्या लष्कराला त्याचा शोध घ्यावा लागला. या घटनेने रॅलीचे नाव खेळाची पाने न वाचणाऱ्यांपर्यंतही गेले. पुढल्याच वर्षी नायजरमधील तेनेरे या वाळवंटात वादळामुळे सुमारे ४० स्पर्धक भरकटले. जानेवारी १९८६ मध्ये मालीत हेलिकॉप्टर कोसळून स्वतः साबीन, गायक दानिएल बालाव्हुआन आणि अन्य तिघे मृत्युमुखी पडले. संस्थापक गेल्यानंतरही रॅली थांबली नाही. पुढे तिची सूत्रे ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल-शर्यत भरवणाऱ्या आमोरी स्पोर्ट ऑर्गनायझेशन या संस्थेकडे आली आणि तिचे रूपांतर हळूहळू एका सुसंघटित उद्योगात झाले.

१९९२ मध्ये उपग्रहाधारित दिशादर्शन, म्हणजे जीपीएस, रॅलीत आले आणि त्याबरोबर एक नवाच पेच उभा राहिला. स्पर्धकाला स्वतःचे स्थान आणि गंतव्य दोन्ही पडद्यावर दिसू लागली, तर वाट शोधण्याचे कौशल्यच निरर्थक ठरते. उपकरण पूर्णपणे नाकारले, तर हरवलेल्या माणसाला वाचवण्याचे साधन हातचे जाते. आयोजकांनी यातून काढलेला मार्ग आजच्या डाकरचा कणा आहे. प्रत्येक वाहनावर आयोजकांनीच दिलेले यंत्र बसवले जाते. ते वाहनाचे स्थान नियंत्रण-कक्षाला सतत कळवते, मदतीची हाक पोचवते, मागून वेगवान वाहन येत असल्याची सूचना देते, परंतु स्पर्धकाला मात्र मोजूनमापून तेवढेच दाखवते. मार्गावर ‘वेपॉइंट’ नावाची अदृश्य ठाणी ठरवलेली असतात आणि त्यांतील बहुतेकांची दिशा स्पर्धक ठरावीक अंतराच्या आत आल्यावरच पडद्यावर उमटते. एखादे ठाणे चुकले, तर एकूण वेळेत दंडाची भर पडते. अज्ञान येथे नैसर्गिक राहिलेले नाही. ते नियमाने जपले जाते.

मार्गाची खरी माहिती ‘रोडबुक’मध्ये असते. त्याचे एक पान जवळून पाहिले म्हणजे या खेळाचे मर्म कळते. प्रत्येक ओळीत तीन रकाने असतात: पहिल्यात आरंभापासूनचे आणि मागील खुणेपासूनचे अंतर, किलोमीटरच्या शतांश भागापर्यंत मोजलेले, मधल्यात त्या जागेचे छोटे रेखाचित्र, ज्यात येण्याची वाट टिंबाने आणि जाण्याची बाणाने दाखवलेली असते, तिसऱ्यात होकायंत्राचे अंश आणि फ्रेंच लघुरूपांत लिहिलेल्या सूचना. धोक्याची तीव्रता एक, दोन किंवा तीन उद्गारचिन्हांनी दर्शवली जाते. तीन उद्गारचिन्हे म्हणजे जेथे वेग आवरला नाही तर जीव जाऊ शकतो अशी जागा. मोटारीत हे वाचन शेजारी बसलेला सहचालक करतो. मोटारसायकलस्वाराला मात्र ताशी शंभराहून अधिक वेगाने जाताना, पायदानांवर उभे राहून, हँडलवरील पेटीत गुंडाळलेली कागदी पट्टी डाव्या अंगठ्याने पुढे सरकवत, अंतरमापक जुळवत आणि समोरचे दगड चुकवत ते स्वतःच करावे लागे. अलीकडे कागदी पट्टीची जागा पडद्याने घेतली असली, तरी कामाचे स्वरूप तेच आहे.

पूर्वी हे रोडबुक आदल्या संध्याकाळी मिळे आणि स्पर्धक रात्री रंगीत पेनांनी त्यातील धोके व वळणे अधोरेखित करत बसत. श्रीमंत संघांनी याचा फायदा घेऊन उपग्रहचित्रांशी रोडबुक ताडून पाहणारे जाणकार नेमले, ज्यामुळे दुसऱ्या दिवशीची वाट त्यांच्या स्वारांना जवळजवळ पाठ होऊन जाई. ही विषमता मोडण्यासाठी रोडबुक सकाळी, निघण्यापूर्वी अगदी थोडा वेळ आधी देण्याची पद्धत सुरू झाली. २०२४ मध्ये या तत्त्वाचा आणखी विस्तार झाला: सौदी अरेबियाच्या रुब-अल-खाली या वाळवंटात दोन दिवसांचा एकच टप्पा ठेवण्यात आला व दुपारी चार वाजता ज्याला जो छोटा तळ जवळ पडेल तेथे त्याने थांबावे, बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवता रात्र काढावी आणि इतरांची स्थिती न कळता सकाळी पुन्हा निघावे, असा नियम करण्यात आला.

शर्यतीची रचना थोडक्यात सांगता येते. दिवसाचा मार्ग दोन प्रकारच्या भागांत विभागलेला असतो: ज्यात घड्याळाशी झुंज असते तो ‘स्पेशल’ टप्पा, आणि तेथवर पोचण्यासाठी वाहतुकीचे नियम पाळून सामान्य रस्त्याने जायचा जोडमार्ग. सर्व दिवसांच्या ‘स्पेशल’ टप्प्यांतील वेळ आणि दंड यांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. वाहने एकामागून एक ठरावीक अंतराने सुटतात आणि आज पहिला आलेला उद्या पहिला निघतो; यातून मोठा विरोधाभास निर्माण होतो, कारण पहिल्याला पुढे कोणाचीच चाकोरी मिळत नाही, तर मागून येणाऱ्यांना त्याने काढलेली वाट आयती मिळते. म्हणून मुरब्बी स्वार कोणत्या दिवशी जिंकायचे आणि कोणत्या दिवशी थोडे मागे राहायचे याचा हिशेब मांडतात. यावर उतारा म्हणून मोटारसायकल गटात २०२३ पासून वाट काढणाऱ्यांना वेळेची सवलत मिळू लागली. त्याच वर्षी सुमारे दोन आठवड्यांच्या झुंजीनंतर केविन बेनाव्हिदेस आणि टोबी प्राइस यांच्यातील अंतर अवघे ४३ सेकंद राहिले होते.

भूमीचे वाचन हे रोडबुकाच्या वाचनाइतकेच महत्त्वाचे असते. वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडील बाजू सौम्य चढाची आणि बरीच घट्ट असते, तर आडोशाची बाजू एकदम तुटलेली आणि भुसभुशीत. त्यामुळे माथ्यावर पोचेपर्यंत वेग राखणे आणि माथ्यावर तो नेमका सोडणे हे कसब लागते, अन्यथा गाडी एक तर चढावर रुतते किंवा पलीकडे उलटते. भर दुपारी सावल्या नाहीशा झाल्या की चढ-उतार दिसेनासे होतात. ‘फेश-फेश’ म्हणून ओळखली जाणारी पिठासारखी माती म्हणजे उन्हाळ्यातल्या गाडीवाटेवरचा फुफाटाच, फक्त चाक गिळण्याइतका खोल. रुतू नये म्हणून टायरमधील हवा कमी करून त्याचा जमिनीवरचा पसारा वाढवला जातो, परंतु पुढे खडकाळ पट्टा आला की तोच टायर फाटतो. वाळू आणि खडक यांच्या सीमेवर थांबून हवा भरायची की धोका पत्करायचा, या निर्णयावर शर्यती जिंकल्या आणि हरल्या गेल्या आहेत. मोटारसायकलींच्या टायरमध्ये तर हवेऐवजी फोमचे कडे घातलेले असते.

यंत्रांच्या इतिहासावर या रॅलीचा ठसा स्पष्ट आहे. बीएमडब्ल्यू, होंडा आणि यामाहा यांच्या लांब पल्ल्याच्या ज्या उंच मोटारसायकली आज ‘अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने विकल्या जातात, त्यांच्या घराण्याचे मूळ १९८० च्या दशकातील डाकरमध्ये आहे; मित्सुबिशीच्या पजेरोने मोटार गटात १२ विजेतेपदे मिळवली, आणि केटीएम कंपनीने २००१ पासून मोटारसायकल गटात सलग १८ रॅली जिंकल्या. यंत्रांची ताकद मात्र वेळोवेळी आवरावी लागली. १९८८ मध्ये डाफ कंपनीचा दोन इंजिनांचा ट्रक मोटारींनाही मागे टाकण्याइतका वेगवान झाला होता. त्याच वर्षी त्या संघाच्या दुसऱ्या ट्रकच्या अपघातात एक सहकारी ठार झाला आणि कंपनीने माघार घेतली. मोटारसायकलींच्या इंजिनांवर आता ४५० सीसीची मर्यादा आहे, आणि २०२१ पासून स्वारांना एअरबॅगचे जाकीट सक्तीचे झाले आहे.

माणसांच्या बाबतीत दोन थर स्पष्ट दिसतात. एका थरात कारखान्यांचे पगारी खेळाडू असतात: मोटारसायकल आणि मोटार या दोन्ही गटांत मिळून १४ वेळा जिंकलेला स्तेफान पीटरहॅन्सेल, किंवा २००१ मध्ये मोटार गटात विजयी झालेली, आणि सर्वंकष विजेतेपद मिळवणारी पहिली स्त्री ठरलेली युटा क्लाइनश्मिट. दुसऱ्या थरात स्वतःची पुंजी घालून आलेले हौशी असतात आणि संख्येने तेच अधिक असतात. त्यांतही मोटारसायकलस्वारांचा एक गट मदतनीसांशिवाय भाग घेतो. त्यातील प्रत्येकाला एका पेटीत मावेल एवढेच सुटे सामान मिळते, आणि दिवसभर गाडी हाकल्यावर रात्री तेल बदलणे, चाक उतरवणे, तंबू ठोकणे ही सारी कामे त्यानेच करायची असतात. या गटात झोप हीच सर्वांत दुर्मिळ वस्तू ठरते.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. या रॅलीने आजवर सत्तरहून अधिक बळी घेतले असून त्यांत केवळ स्पर्धक नाहीत. १९८८ मध्ये मालीत एक बालिका आणि मॉरिटानियात एक माता व तिची मुलगी रॅलीशी संबंधित वाहनांखाली सापडून मृत्युमुखी पडल्या, आणि व्हॅटिकनच्या मुखपत्रानेही या दिमाखावर कठोर टीका केली. २००६ मध्ये गिनी आणि सेनेगल येथे लागोपाठच्या दोन दिवसांत प्रत्येकी एक मुलगा ठार झाला. स्पर्धकाने धोका जाणूनबुजून पत्करलेला असतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाने तो पत्करलेला नसतो. हा भेद रॅलीच्या प्रशंसकांनी पुष्कळदा पुसट केला आहे. प्रेक्षक-क्षेत्रे, गावांतील वेगमर्यादा आणि उपग्रहावरून होणारी वेगतपासणी हे उपाय पुढे आले खरे. परंतु त्यांतील बरेचसे मृत्यूंनंतर आले, ही नोंदही करावी लागते.

वाळवंट राजकारणाच्या बाहेर नसते, हे रॅलीच्या स्थलांतरांनी सिद्ध केले. २००० मध्ये हल्ल्याच्या धोक्यामुळे सारी वाहने अवाढव्य मालवाहू विमानांत घालून नायजरहून लिबियात नेण्यात आली. डिसेंबर २००७ मध्ये मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाल्यावर २००८ ची रॅली लिस्बनहून सुटण्याच्या आदल्या दिवशी रद्द झाली, आणि त्यानंतर ती आफ्रिकेत परतलीच नाही. २००९ ते २०१९ या काळात ती दक्षिण अमेरिकेत भरली; तेथे चिलीच्या राष्ट्रीय स्मारक परिषदेने अटाकामातील पुरातत्त्वीय अवशेषांची हानी नोंदवली, आणि एकेका देशाने आर्थिक व नैसर्गिक कारणांनी अंग काढून घेतल्यावर २०१९ ची रॅली एकट्या पेरूमध्ये उरकावी लागली. २०२० पासून ती सौदी अरेबियात आहे, जेथे भूभाग विपुल, पैसा मुबलक आणि सरकारचे पाठबळ पूर्ण आहे. मात्र खेळाच्या आडून राजवटीची प्रतिमा उजळली जाते हा आक्षेप तिच्यामागे तेथेही आला. आफ्रिकेतील जुन्या मार्गावर ‘आफ्रिका इको रेस’ ही वेगळी रॅली २००९ पासून डाकरपर्यंत जाते, तर डाकर नावाची रॅली त्या शहरापासून हजारो किलोमीटर दूर धावते.

भारताचा या विषयाशी संबंध अलीकडचा असला तरी तो आता केवळ प्रेक्षकाचा राहिलेला नाही. बेंगळुरूचे सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये प्रथमच डाकर पूर्ण केली. २०२१ मध्ये त्यांना डोक्याला गंभीर दुखापत झाली. त्याच वर्षीच्या रॅलीत मर्चंट नेव्हीतील आशिष रावराणे हे मराठी स्वारही उतरले होते. केरळच्या हरित नोआ यांनी २०२४ मध्ये ‘रॅली २’ या उपगटाचे विजेतेपद मिळवले, आणि त्याच वर्षी हीरो या भारतीय कंपनीच्या मोटारसायकलीवर बोत्सवानाचा रॉस ब्रँच एकूण क्रमवारीत दुसरा आला. याच हीरो संघाने २०२० मध्ये आपला पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्व्हिस वाळवंटात गमावला होता. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ मध्ये ‘डाकर क्लासिक’ या, जुन्या वाहनांसाठी असलेल्या आणि वेगापेक्षा नियमित गती राखण्याची कसोटी पाहणाऱ्या गटात मोटारीने भाग घेतला. देशातही हिमालयात आणि राजस्थानात अशा धर्तीच्या रॅली होत आल्या आहेत.

म्हणूनच या विषयाचा अभ्यास मराठी वाचकासाठी निव्वळ परदेशी साहसाची ओळख ठरू नये. थर हे जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. तेथे ओरण म्हणून राखलेल्या देवराया आहेत, चराईच्या ऋतुमानानुसार हलणारे कळप आहेत, आणि कच्छच्या रणात रानगाढवांचे अभयारण्य आहे. डाकरच्या चार दशकांहून अधिक काळाचा निष्कर्ष असा, की स्पर्धकासाठी वाट अज्ञात ठेवणे नियमांनी साधते, पण त्या वाटेवरच्या माणसांची संमती नियमांनी निर्माण होत नाही, ती आधी मिळवावी लागते. भारतात अशा शर्यती आखणाऱ्यांनी, त्यांना परवानगी देणाऱ्यांनी आणि त्यांत उतरणाऱ्यांनी रोडबुकाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी त्या भागातील ग्रामपंचायती, पशुपालक आणि वनखाते यांच्याशी बसून मार्ग ठरवावा, आणि जेथे नकार मिळेल तेथून शर्यत नेऊ नये.